पर्टनच्या गवतात रुतलेली नाव: ओळखायची कशी, वाचवायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरातल्या पर्टन गावाजवळ कालव्याच्या काठाने फिरताना सेव्हर्न नदीच्या बाजूला गवतात अर्धी गाडलेली लाकडी नाव दिसली. फासळ्या उघड्या, लोखंडी पट्ट्या गंजलेल्या, पोटात माती भरून वर गवत. ही सेव्हर्नवरची जुनी शिडाची मालवाहू नाव, म्हणजे ‘ट्रो’, आहे का? ती बाहेर काढून संग्रहालयात नेता येईल का? तोवर तुम्ही काय करू शकता? आणि सुटून पडलेला एखादा खिळा घरी आणला तर चालेल का?

खिळ्याचं उत्तर आधी देतो: आणू नका. कारण पुढे येईलच.

बाकीच्या प्रश्नांत खरी अडचण ‘वाचवणं’ या शब्दात आहे. अशा नावेत वाचवण्यासारख्या दोन गोष्टी असतात. एक म्हणजे लाकूड आणि दुसरी म्हणजे त्या लाकडात साठलेली माहिती. लाकूड वाचवणं बहुतेक वेळा कुणाच्याच हातात नसतं. माहिती वाचवणं मात्र तुमच्यासारख्या जवळ राहणाऱ्या माणसाच्या हातात पुष्कळ असतं, आणि ट्रोच्या बाबतीत त्याला फार मोल आहे. या नावा नदीकाठच्या कारागिरांनी पिढीजात अंदाजाने, डोळ्यांच्या मापाने बांधल्या. आराखडे जवळजवळ नाहीतच. नावेचं अंग हाच तिचा एकमेव कागद.

ही नाव तिथे आली कशी, ते समजल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही. ग्लॉस्टर-शार्पनेस कालवा 1827 मध्ये सुरू झाला. पर्टनजवळ तो नदीला इतका खेटून जातो की मधे फक्त मातीचा बांध उरतो. 1909 मध्ये हा बांध नदीच्या माऱ्याने ढासळला. कालव्याचे मुख्य अभियंता ए. जे. कलिस यांनी त्यावर उपाय काढला तो असा: निकामी झालेल्या नावा मोठ्या भरतीला ओढून आणायच्या, काठावर चढवायच्या आणि तळाला भोकं पाडायची. पुढच्या प्रत्येक भरतीला गढूळ पाणी आत शिरणार आणि ओसरताना गाळ मागे ठेवून जाणार. काही वर्षांत नावेची भिंत होते. पुढची काही दशकं हे काम चालू राहिलं आणि तिथे 80 च्या आसपास नावा जमल्या. त्यांत ट्रो आहेत, समुद्रावर जाणारी स्कूनर गलबतं आहेत, शीड नसलेल्या ओढायच्या नावा आहेत आणि दुसऱ्या महायुद्धातल्या काँक्रीटच्या बार्जही आहेत. केनेट पद्धतीची 1905 सालची ‘हॅरिएट’ तिथेच आहे. तिच्या जातीची दुसरी नाव उरलेली नाही, म्हणून तिला संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे.

म्हणजे तुम्ही पाहिलेली नाव बुडालेली नाही, मुद्दाम बसवलेली आहे आणि आजही काम करते आहे. ती उपसली तर बांधाचा एक दगड काढल्यासारखं होईल.

आता ओळखीकडे. सर्वांत आधी आजूबाजूला नावाची पाटी आहे का ते बघा. पर्टनच्या बऱ्याच नावांजवळ अभ्यासकांनी अशा पाट्या लावल्या आहेत आणि गवत वाढलं की त्या झाकल्या जातात. पाटी नसेल तर नाव स्वतःच वाचावी लागते.

ट्रो ओळखताना मी मागच्या टोकापासून सुरुवात करतो. जुन्या घडणीच्या ट्रोची मागची फळी सपाट असते आणि तिचा आकार आडव्या पाडलेल्या इंग्रजी डी अक्षरासारखा असतो: वरची कड सरळ, खालची गोल. मागचं टोक निमुळतं असेल तर लगेच ‘ट्रो नाही’ म्हणू नका, पण पुरावा जास्त लागेल. मग मधला भाग बघा. ट्रोचा माल ठेवायचा खण उघडा असायचा. कडेला चालायला डेक नाही. पाणी उडून आत येऊ नये म्हणून नावेच्या काठावर खांब उभे करून कॅनव्हासचे पडदे ताणायचे. ते खांब ज्यांत बसायचे त्या लोखंडी खोबणी काठाच्या आतल्या अंगाला कधीकधी अजून सापडतात. उलट, खणाभोवती जाड लाकडी चौकट आणि दोन्ही बाजूंना अरुंद डेक असेल तर ती नंतरच्या काळातली, बंद खणाची ट्रो असू शकते. जुन्या उघड्या ट्रोही पुढे अशा बदलून घेतल्या गेल्या. तेव्हा चौकटीचं लाकूड आणि फासळ्यांचं लाकूड वेगळ्या वयाचं वाटतं का, हे नोंदवून ठेवा.

तिसरी खूण तळाची. वरच्या अंगाला नदी उथळ, म्हणून ट्रोचा तळ सपाट आणि कडा गोलसर. कोकणातले होडी बांधणारे ज्याला पठाण म्हणतात, तो खाली उतरलेला कणा इथे नसतो. काही ट्रो खाडीच्या रुंद पाण्यात जाताना सुटा पठाण साखळ्यांनी तळाशी बांधून घेत. तळाखाली खोल पठाण, डेकखाली जाड तुळया आणि तुळईच्या टोकाला कोनात बसवलेले गुडघे, म्हणजे वाकडे लाकडी आधार, दिसले तर ते समुद्रावरचं गलबत समजा.

डोलकाठीची जागा नक्की शोधा. तळाच्या मधोमध, फासळ्यांच्या वरून लांबीत धावणारी जाड तुळई असते. तिच्यात चौकोनी खाच किंवा लोखंडी पेटी असली तर ही नाव शिडाची होती. पुलाखालून जाताना ट्रोची काठी पाडावी लागे, त्यामुळे काठीच्या पायाशी फिरती बैठक असायची. इथे एक चूक हमखास होते. नावेला काठी नाही, शिडाचं सामान नाही, म्हणून ती ओढायची नाव ठरवली जाते. पण विसाव्या शतकात अनेक ट्रोंची शिडं उतरवून त्यांना बोटीमागे ओढायला लावलं होतं. काठी गेली तरी खाच राहते. ती गाळाखाली असेल तर ‘दिसली नाही’ असं लिहा. ‘नाही’ लिहू नका.

लाकडाची जात ओळखायला दहापट भिंग पुरतं. तुटलेल्या टोकाचा आडवा छेद पाहायचा. ओकमध्ये मध्यातून बाहेर जाणाऱ्या रुंद, चकाकत्या रेषा साध्या डोळ्यांनाही दिसतात. एल्ममध्ये वाढीच्या कड्यांना समांतर, बारीक लाटांसारखे पट्टे दिसतात. फासळ्या बहुधा ओकच्या, तळाच्या फळ्या बऱ्याचदा एल्मच्या. एल्म सतत पाण्यात राहिला तर टिकतो आणि ओलं-सुकं होत राहिला तर लवकर कुजतो. म्हणून खालची फळी शाबूत आणि तिच्याच जातीची वरची गायब, असं चित्र दिसतं.

आणि आता सर्वांत मोलाची खूण. ब्रिटिश जहाज कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या जहाजाच्या मुख्य तुळईवर त्याचा अधिकृत क्रमांक आणि नोंदलेलं टनेज, म्हणजे मालाच्या जागेचं माप, कोरावं लागे. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, खांबावर आणि मागच्या खांबावर दोन्ही बाजूंना पाण्याची खोली दाखवणारे रोमन किंवा साधे आकडे असत, उंची किमान 6 इंच. फार झिजलेल्या लाकडावर हे समोरून पाहिलं तर दिसत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा बघा. ढगाळ दिवशी विजेरी लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा झोत टाका. कोरलेल्या खोबणीच्या एका कडेला सावली पडते आणि ‘व्ही’ची तिरपी रेघ अचानक उठून येते. लाकूड ओलं असताना काळपट दिसतं, तेव्हा थोडं सुकू द्या, पण घासू नका. ब्रशने चिखल काढताना कुजलेल्या लाकडाचा वरचा मिलिमीटर निघून जातो आणि आकडा असतो तो त्या मिलिमीटरमध्येच. चिखल काढायचाच तर भांड्यातून पाणी ओता.

क्रमांक मिळाला तर नावेची ओळख पटली म्हणूनच समजा, कारण नोंदवह्या क्रमांकावरून लागतात. त्यात लांबी, रुंदी, खणाची खोली, बांधणीचं गाव आणि साल मिळतं. मापं वाचताना मात्र सावध राहा. नोंदवहीतली मापं फूट आणि फुटाचे दशांश अशी असतात. 68.7 म्हणजे 68 फूट 7 इंच नव्हे, 68 फूट आणि आठ इंचांहून थोडं जास्त. शिवाय नोंदीतली रुंदी बाहेरच्या फळ्यांसकट, सर्वांत रुंद जागी घेतलेली असते. काठावर पडलेली नाव वर्षानुवर्षं उसवत जाते आणि तिच्या कडा बाहेर कलतात, त्यामुळे तुमची रुंदी नोंदीपेक्षा जास्त भरली तर दचकू नका. लांबीवर विश्वास जास्त ठेवा. सर्व नावांची नोंदणी झालेली नव्हती. फक्त नदी-कालव्यात फिरणाऱ्यांची बऱ्याचदा नसे. तेव्हा क्रमांक न सापडणं हासुद्धा पुरावा असू शकतो.

मोजणीआधी पाण्याचं. सेव्हर्नच्या खाडीत भरती-ओहोटीचा फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी आहे, एव्हनमाउथजवळ उधाणाला सुमारे 14 मीटर. शार्पनेसचं भरतीचं कोष्टक पाहूनच निघा. उधाणाचे दिवस टाळा आणि भांगाच्या दिवसांत जा. भरती ओसरू लागल्यावर सुरुवात करा आणि पुढची भरती लागायच्या कितीतरी आधी बांधावर परत या. एकटे जाऊ नका. गवताची जमीन संपते तिथे तुमची हद्द संपली. पुढचा चिखल वरून कडक दिसतो आणि मांडीपर्यंत ओढून घेतो. गवताबाहेरच्या नावा कॅमेऱ्याच्या लांब भिंगाने टिपा, तेवढं पुरे. हंगाम म्हणाल तर जानेवारी-फेब्रुवारी. गवत बसलेलं असतं आणि फासळ्या मोकळ्या दिसतात.

मोजायला 30 मीटरची फायबरग्लासची टेप, न ताणणारी दोरी, 5 मीटरची छोटी टेप आणि ओळंबा एवढं सामान लागतं. पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत नावेच्या मधोमध दोरी सरळ ताणायची. खुंट्या नावेच्या बाहेर ठोकायच्या, आणि त्यासाठी जागेच्या मालकाची, इथे बहुतांश ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ या कालवे सांभाळणाऱ्या संस्थेची, आधी परवानगी घ्यायची. लाकडात खिळा कधीच ठोकायचा नाही. शून्य मागच्या खांबाशी ठेवा आणि सगळीकडे तेच ठेवा. मग दर अर्ध्या मीटरला दोरीपासून काटकोनात डाव्या आणि उजव्या काठापर्यंतचं अंतर घ्या. काटकोन 3-4-5 च्या त्रिकोणाने तपासा. नजरेचा काटकोन पाच मीटरवर सहज वीस सेंटिमीटर चुकतो. कागदावर 1:20 प्रमाण ठेवा.

प्रत्येक उघड्या फासळीची तीन मापं घ्या: नावेच्या लांबीत तिची रुंदी, आतून बाहेर तिची जाडी, आणि एका फासळीच्या मध्यापासून पुढच्या फासळीच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे तिसरं माप सर्वांत बोलकं. बांधणाऱ्याची सवय त्यात उतरते आणि नाव उसवली तरी ते फारसं बदलत नाही. एका जागी अंतर अचानक कमी झालं तर तिथे नंतर जोडफासळी घालून दुरुस्ती केली असण्याचा संभव जास्त. फळ्या कडेला कड लावून आहेत की एकावर एक चढवलेल्या, त्यांची जाडी किती, आणि त्या कशाने धरल्या आहेत, हेही लिहा. लाकडी खुंट्या असतील तर व्यास मोजा आणि खुंटीच्या डोक्यात पाचर मारलेली आहे का बघा.

खिळा का नको म्हटलं ते इथे येतं. एखाद्या फळीत लाकडी खुंट्यांची रांग आहे आणि मधेच दोन चौकोनी लोखंडी खिळे आहेत. त्या जागी ते खिळे सांगतात की ही फळी एकदा उचकटून परत बसवली. खिशात घातल्यावर तो फक्त गंजका खिळा. शिवाय घरी तो टिकणारही नाही. लोखंडात मुरलेल्या क्षारांमुळे कोरड्या हवेत त्याचे काही महिन्यांत पापुद्रे सुटू लागतात. कायद्याचं बघायचं तर मुद्दाम काठाला लावलेल्या नावेला मालक असतो, आणि संरक्षित नावेला इजा करणं हा इंग्लंडमध्ये 1979 च्या कायद्याखाली गुन्हा आहे. संरक्षित जागेत परवानगीशिवाय मेटल डिटेक्टरही चालत नाही. भरतीच्या पाण्यातून मिळालेली भग्न जहाजाची वस्तू ताब्यात घेतली तर 28 दिवसांत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याला कळवावं लागतं.

फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर फोनचा कॅमेराही चालतो. ढगाळ, बिनवाऱ्याचा दिवस निवडा, कारण हलणारं गवत सगळं बिघडवतं. फोकस आणि उजेड एकदाच ठरवून कुलूपबंद करा. नावेभोवती दोन फेऱ्या मारा, एक छातीच्या उंचीवर आणि एक काठीवर कॅमेरा बांधून वरून. लागोपाठच्या फोटोंत निदान दोन तृतीयांश भाग सामाईक हवा. वीस-बावीस मीटरच्या नावेला 300 फोटो जास्त नाहीत. मीटरभराच्या दोन पट्ट्या एकमेकींना काटकोनात ठेवा. एकच पट्टी असेल तर मोजमाप फसलं हे कळायला मार्ग नसतो. साचलेल्या पाण्यात आकाश दिसतं आणि प्रतिकृतीत तिथे खड्डे पडतात, तेव्हा तो भाग टेपने मोजलेलाच बरा. फोनचं जीपीएस पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं. पर्टनला एवढ्या अंतरात दुसरी नाव येऊ शकते, म्हणून कालव्याकाठच्या एखाद्या पक्क्या खुणेपासूनचं अंतरही टेपने घ्या.

बाहेर काढण्याबद्दल तुमची तळमळ पोचते, आणि ‘कधीच नाही’ असं उत्तर मी देणार नाही. ते परिस्थितीवर अवलंबून आहे. 1894 साली चेपस्टोला बांधलेली ‘स्प्राय’ ही ट्रो आज आयर्नब्रिजजवळ ब्लिस्ट्स हिलच्या संग्रहालयात आहे. तिचं शीड गेलं होतं, पण ती गाळात गाडली गेली नव्हती. नॉरफोकमधली 1899 ची ‘मॉड’ ही शिडाची नाव तर काठ राखायलाच बुडवली होती. 1976 मध्ये ती वर काढली आणि दोन दशकांहून जास्त काळ खपून परत शिडाखाली आणली. पण ती गोड्या पाण्यात होती आणि तिचं अंग एकसंध होतं.

पर्टनच्या नावेचं तसं नाही. तिचं खालचं अंग गाळात, हवेपासून दूर आहे. लाकडाच्या पेशींचा बराच भाग विरघळून गेलेला असतो आणि त्या जागी पाणी असतं, कधी कोरड्या वजनाच्या दुप्पट-चौपट. आकार टिकतो तो त्या पाण्यामुळे. बाहेर काढून सुकू दिलं की निघून जाणारं पाणी पेशींच्या भिंती आत ओढतं, लाकूड आक्रसतं, चिरतं, आणि परत पाण्यात टाकून ते पूर्ववत होत नाही. ते टाळायचं तर पाण्याच्या जागी पॉलिइथिलिन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन मुरवावं लागतं. स्वीडनचं ‘वासा’ हे जुनं लढाऊ जहाज 1961 मध्ये वर काढलं आणि त्याच्यावर 1979 पर्यंत फवारे चालू होते. इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’ या जुन्या लढाऊ जहाजावर 1994 ते 2013. एवढं झाल्यावरही लोखंडी बोल्टच्या आसपास लाकडात साठलेलं गंधक हवेत आम्ल तयार करतं, ते निस्तरावं लागतं. ही सोय, हा पैसा आणि पुढची शंभर वर्षं नियंत्रित हवेची इमारत ज्याच्याकडे आहे त्यानेच नाव उपसावी. नाहीतर शाबूत असलेला अर्धा भाग आपणच मारून टाकतो.

खरं नुकसान होतं ते गाळ जिथे संपतो त्या पट्ट्यात. तिथे हवा आहे, ओल आहे, बुरशी आहे. बोल्ट गंजून फुगतो आणि ओकला आतून फाडतो. वरची फासळी एक दिवस त्या रेषेवर मोडते. म्हणून गाळ जितका वर राहील तितकं चांगलं. आतली माती उकरू नका, गवत आणि लव्हाळी काढू नका, कारण तीच गाळ धरून ठेवतात. झुडपं आणि झाडांची रोपं मात्र फळ्यांच्या सांध्यात मुळं घालतात. ती दिसली तर मालकाला कळवा. ती बुंध्याशी कापायची असतात. उपटली तर मुळांबरोबर फळी येते. तेल, डांबर, वार्निश यांतलं काहीही लावू नका. ओल्या लाकडावरचा थर आतली ओल अडकवतो आणि खाली बुरशी वाढते. लाटांनी नावेखालची माती धुपत असेल तर कापड अंथरून ती रोखता येते, पण हा भाग पक्ष्यांसाठी राखीव आहे आणि भरतीच्या रेषेखाली कुठलंही काम परवानगीशिवाय होत नाही.

तुम्ही एक काम मात्र दरवर्षी करू शकता, आणि ते बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाला जमत नाही. बांधावरच्या तीन जागा ठरवा आणि दर फेब्रुवारीत तिथूनच, त्याच उंचीवरून, तेवढ्याच झूमवर फोटो काढा. मागच्या वर्षीचा फोटो छापून सोबत न्या आणि चौकट त्याच्याशी जुळवा. एक फासळी निवडून गाळापासून तिच्या टोकापर्यंतची उंची मोजा. दरवर्षी तीच फासळी, तिच्या नदीकडच्या बाजूने. उंची वाढली तर गाळ धुपतोय, कमी झाली तर गाळ चढतोय किंवा टोक मोडलंय, आणि यांतलं काय झालं ते फोटो सांगेल.

मापं, रेखाटन आणि फोटो ग्लॉस्टरशायर काउंटीच्या ऐतिहासिक वारसा नोंदणी विभागाला पाठवा. सोबत तारीख, त्या दिवशीची भरतीची वेळ, टेपचं शून्य कुठे होतं आणि कुठला भाग झाकलेला असल्याने मोजता आला नाही, हे लिहा. नाव ट्रो आहे असं वाटत असेल तर ‘ट्रो असावी’ असं लिहून पुढे कारणं द्या: मागची फळी, उघडा खण, सपाट तळ, काठीची खाच. एखादं सुटलेलं लाकूड वाहून जाईल अशी भीती वाटली तर जागेवरच दोन्ही बाजूंनी पट्टीसकट फोटो घ्या, मापं घ्या, त्याच दिवशी ट्रस्टला फोन करा आणि ते सांगतील तसंच करा. त्यांनी उचलायला सांगितलं तर ते ओल्या कापडात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून सावलीत ठेवा. गाडीच्या डिकीत उन्हात एक दुपार राहिलं तरी ते चिरेल.